रेव्ह. डॉ. जॉन विल्सन : एका शिक्षकाच्या कार्याचे मोजमाप

वार्षिक अहवालाचे दिवस आले म्हणजे शाळेच्या कचेरीत आकड्यांची लगबग सुरू होते. पटावर विद्यार्थी किती, शालान्त परीक्षेस बसले किती, उत्तीर्ण झाले किती, हे रकाने यथास्थित भरले जातात, व ते भरणे योग्यही आहे. परंतु मिशनच्या शाळेपुढे ह्याखेरीज आणखी एक प्रश्न उभा असतो. तो कधी कोणी उघड विचारतो, कधी आम्हां शिक्षकांच्याच मनात येतो. ज्या प्रभूच्या नावाने ही शाळा उघडली, त्याचे कार्य येथे किती झाले? ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावयाचे? दाविद राजाने आपल्या प्रजेची शिरगणती केली व ती त्यास महागात पडली, ही कथा पवित्र शास्त्रात आहे. तथापि शिरगणतीचा मोह आम्हां ख्रिस्ती लोकांस तेव्हापासून सुटला आहे असे म्हणवत नाही. ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस ज्या पुरुषाचे चरित्र पुनःपुन्हा आठवते, ते आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे ह्या वर्षी योजिले आहे.

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यास उतरून गिरगावच्या चौपाटीकडे गेले, की समुद्राकडे तोंड करून उभी असलेली विल्सन कॉलेजची दगडी इमारत दिसते. आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांनी ती पाहिली आहे. परंतु विल्सन हे कोण, असे विचारले असता मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ह्यात त्यांचा दोष नाही. स्वतः विल्सनसाहेबांनीही ती इमारत पाहिली नव्हती. ती १८८९ साली पुरी झाली, आणि त्यांस जाऊन त्या वेळी चौदा वर्षे झाली होती.

जॉन विल्सन ह्यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर ह्या लहानशा गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते एडिंबरोच्या विद्यापीठात गेले. तेथे ईश्वरविद्येचा अभ्यास करीत असता १८२५ साली त्यांनी आपल्या सोबत्यांना जमवून मिशनकार्यास साहाय्य करणारे विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले. पुढे जन्मभर त्यांनी तरुण विद्यार्थ्यांमध्ये जे काम केले, त्याचा आरंभ येणेप्रमाणे ते स्वतः विद्यार्थी असतानाच झाला होता. १८२८ साली त्यांस दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट बेन ह्या सुशिक्षित तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि १८२९ च्या फेब्रुवारी महिन्यात हे जोडपे मुंबईस उतरले.

मुंबईत उतरल्यावर शहरात बस्तान न मांडता ते प्रथम कोकणात गेले. बाणकोट व हर्णै ह्या भागात स्कॉटिश मिशनचे काम तेव्हा चालू होते. तेथे राहून नवरा-बायको दोघांनीही मराठी शिकण्यास आरंभ केला, व सुमारे सहा महिन्यांत विल्सनसाहेब मराठीतून उपदेश करू लागले. आजच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या वेळी मोल्सवर्थसाहेबांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशही अद्याप छापून निघालेला नव्हता. तो प्रथम १८३१ साली निघाला. भाषा माणसांच्या तोंडूनच शिकावी लागे. पुढे त्यांनी गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत, फारसी, इब्री, तसेच पारशी धर्मग्रंथांची प्राचीन भाषा, ह्या सर्वांचा अभ्यास केला. परंतु त्यांच्या तोंडात प्रथम बसली ती कोकणच्या किनाऱ्यावरील मराठी.

मुंबईस परतल्यावरची पहिली काही वर्षे वादविवादाची गेली. १८३० साली त्यांनी एक इंग्रजी मासिक सुरू केले. हिंदू शास्त्री, मुसलमान मौलवी व पारशी विद्वान ह्यांच्याशी त्यांचे तोंडी व लेखी वाद झाले. मोरभट दांडेकर ह्यांनी १८३१ साली हिंदू धर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले; विल्सनसाहेबांनी त्याचे खंडन १८३२ साली प्रसिद्ध केले; मग दुसऱ्या बाजूने पुन्हा उत्तर आले व १८३४ साली पुन्हा खंडन झाले. ते वाद आज चाळून पाहिले असता विद्वत्ता पुष्कळ दिसते, सभ्यताही बरीच दिसते. पण दुसऱ्याच्या देवघरात कंदील घेऊन दोष शोधण्याची जी सवय त्या काळच्या पाद्रीसाहेबांस होती, ती विल्सनसाहेबांच्या ठायीही होती हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. सभा भरत, दोन्ही बाजूंचे लोक आपलाच जय झाला म्हणून घरी जात, आणि हृदय मात्र सहसा कोणाचे पालटत नसे. यशाचे पहिले माप जे त्यांच्या हाती आले, ते वादातील जय हे होते. ते फार दिवस टिकले नाही.

ह्याच काळात मार्गारेटबाई जे काम करीत होत्या, त्यास जयही नव्हता व पराजयही नव्हता. मुंबईस आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी मुलींसाठी मराठी शाळा उघडल्या. मुलीने अक्षर गिरवले तर ती विधवा होते, अशी समजूत ज्या घरांत होती, त्या घरांतून मुली गोळा करावयाच्या, त्या आठ दिवस येऊन नाहीशा झाल्या तर पुन्हा आणावयाच्या, शिक्षक नेमावयाचे, पुस्तके भाषांतरित करावयाची, आणि हे सर्व स्वतःची लहान मुले व दुखणी सांभाळून करावयाचे. गावदेवीतील सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आपला उगम त्यांच्याच त्या कामात सांगते. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाई मुंबईत वारल्या. हिंदुस्थानात येऊन त्यांस जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्या दिवशी कोणी त्यांच्या कामाचा हिशेब मांडता तर तो अगदी लहान भरला असता: काही अपुऱ्या शाळा आणि वाचू लागलेल्या काही मुली. पुढे त्यांच्या बहिणींनी स्कॉटलंडहून येऊन तेच काम चालविले. नवऱ्याने १८३८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. विल्सनसाहेबांच्या ग्रंथांपैकी जे ग्रंथ विद्वानांनी वाखाणले त्यांत त्याची गणना होत नाही. पण आमच्या मते त्यांच्या लेखणीचे सर्वांत हृद्य काम तेच असावे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. २९ मार्च १८३२ रोजी विल्सनसाहेबांनी मुंबईत मुलांसाठी इंग्रजी शाळा उघडली. आंब्रोली इंग्लिश स्कूल ह्या नावाने ती प्रसिद्धीस आली. बाळशास्त्री जांभेकर ह्यांचे ‘दर्पण’ त्याच वर्षीच्या जानेवारीत निघू लागले होते. म्हणजे मुंबईतील तरुण मंडळींपुढे दोन खिडक्या एकाच वर्षी उघडल्या. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ ह्यांनी १८३० साली अशीच शाळा काढली होती व तिचा बोलबाला झाला होता. परंतु डफसाहेबांचा सर्व भर इंग्रजीवर होता, तर विल्सनसाहेबांनी देशी भाषांस कधी अंतर दिले नाही. मुलाचे मन त्याच्या आईच्या भाषेतून उघडते, ही गोष्ट कोकणात राहिलेल्या ह्या माणसास कोणी सांगावी लागली नाही. १८३५ साली ही शाळा स्कॉटलंडच्या मंडळीच्या जनरल असेंब्लीकडे गेली. हिंदू, पारशी, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती अशी सर्व जातींची मुले एका बाकावर बसू लागली. पट वाढत चालला. दुसरे माप हे, भरलेल्या बाकांचे. आणि ह्या मापाने पाहता शाळा उत्तम चालली होती.

मग १८३९ साल उजाडले. शाळेतील धनजीभाई नौरोजी व होर्मसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती होण्याचा निश्चय केला, व मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विल्सनसाहेबांनी त्यांस बाप्तिस्मा दिला. धनजीभाईंचे वय तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास होते. होर्मसजी त्याहून थोडे मोठे. तिसऱ्या एका तरुणाचे मन त्याच वाटेवर होते. त्यास त्याच्या घरच्यांनी परत नेले. सर्व पारशी समाजात हाहाकार उडाला. हिंदुस्थानात येऊन शेकडो वर्षे आपला धर्म निखाऱ्यासारखा जपलेल्या एका लहान समाजातील हे तरुण होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षोभाचे नवल वाटत नाही. मुलांस मिशनरींच्या घरातून सोडवावे म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज झाला. धनजीभाईंस आपला मार्ग आपण निवडण्याइतकी समज आहे असे न्यायालयाने ठरविले, आणि ते विल्सनसाहेबांकडे परत आले. पण तेवढ्यात शाळा रिकामी झाली. पारशी मुले तर गेलीच, हिंदू मुलेही मोठ्या संख्येने गेली. सरकारकडे अर्ज गेले, वर्तमानपत्रांत रणे माजली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या रकान्यात दोन नावे चढली आणि त्याच घटकेस पटाचा रकाना कोसळला. दोन्ही रकाने एकाच अहवालाचे. मग ते वर्ष यशाचे म्हणावे की अपयशाचे? स्कॉटलंडातील भक्तमंडळींनी त्यास यशाचे वर्ष मानले. मुंबईतील पालकांनी विश्वासघाताचे मानले. विल्सनसाहेबांनी काय केले, तर उरलेल्या मुलांचा वर्ग दुसऱ्या दिवशी घेतला. पळून गेलेल्या मुलांच्या घरच्यांशी असलेली ओळख त्यांनी तोडली नाही. पारशी धर्माचा अभ्यासही त्यांनी सोडला नाही. १८४३ साली त्या धर्मावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात खंडन आहेच. परंतु ते खंडन करण्यासाठी त्यांनी पारशी ग्रंथांचा जितका अभ्यास केला, तितका त्या वेळी मुंबईतील फार थोड्या युरोपियनांनी केला असेल. हळूहळू मुलेही पुन्हा येऊ लागली.

१८४३ च्या आरंभी विल्सनसाहेब विश्रांतीसाठी स्वदेशी निघाले, आणि ते नसताना शाळेवर दुसरा प्रसंग आला. तो पहिल्याहून अधिक बिकट होता. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १३ सप्टेंबर १८४३ रोजी रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हस्ते ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्याच्यापाठोपाठ मिशनरींच्या घरी येऊन राहिला. श्रीपतचे वय अवघे बारा वर्षांच्या सुमारास होते व त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. पित्याने कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे, सबब त्याने पित्याजवळच राहिले पाहिजे, असा निकाल झाला व श्रीपतला घरी धाडण्यात आले. पण घर कोठले? मिशनरींच्या येथे राहिल्यामुळे त्याची जात गेली असे शास्त्रीमंडळी म्हणू लागली. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाचा कैवार घेतला. प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत परत घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली, त्यास काशीस पाठविण्यात आले. तरीही सनातनी पक्षाचा राग शमेना, व त्या रागाची झळ स्वतः बाळशास्त्र्यांस लागली.

श्रीपतच्या ह्या हकीकतीविषयी त्या काळच्या मिशनच्या कागदांत मुलाच्या श्रद्धेचे कौतुक आहे व न्यायालयाच्या निकालाबद्दल खेद आहे. आम्ही ख्रिस्ती शिक्षक आहोत. तरी ह्या बाबतीत आमचे मत त्या निकालाच्या बाजूचे आहे, हे स्पष्ट सांगणे आम्हांस बरे वाटते. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या शिक्षकावर जीव टाकावा हे स्वाभाविक आहे. त्या प्रेमाचा उपयोग करून त्यास बापाच्या हातून काढणे, मग तो हेतू कितीही पवित्र असो, शिक्षकाच्या अधिकारातले नाही. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानेही सरकारमान्य अथवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणास बसण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची संमती लागते. १८४३ साली असा नियम असता तर श्रीपतसारख्या एका पोराची दोन घरांच्या उंबरठ्यांमध्ये जी ओढाताण झाली, ती टळली असती. मिशनच्या यशाची गणना करताना बाप्तिस्म्यांची बेरीज करणाऱ्यांनी ह्या मुलाची वजाबाकी कोठे धरली हे आम्हांस कोणत्याही अहवालात आढळले नाही.

थोरला भाऊ नारायण मात्र पुढे मोठा नावाजला. रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याकडे जाऊन तेथील मांग व इतर दलित बांधवांत आयुष्य वेचले व जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली. मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेला ब्राह्मण गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाऊन राहिला, हे त्या काळी काय धाडस होते हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

विल्सनसाहेब स्वदेशी पोहोचले तेव्हा स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली होती. सरकारी आश्रयापासून मोकळी झालेली जी फ्री चर्च निघाली, तिच्यात ते गेले. ह्याचा परिणाम असा झाला, की मुंबईतील शाळेची इमारत व सामान ह्यांवरील हक्क त्यांस व त्यांच्या सोबत्यांस सोडून द्यावा लागला. अकरा वर्षे उभी केलेली संस्था पुन्हा भाड्याच्या जागेत नव्याने मांडावी लागली. शिक्षक व बहुसंख्य विद्यार्थी मात्र बरोबर आले. शाळा म्हणजे इमारत नव्हे, हे वाक्य आम्ही भाषणांत नेहमी ऐकतो. येथे ते कोणी न बोलता घडले. १८४७ साली विल्सनसाहेब परत मुंबईस आले. त्याआधी १८४६ साली त्यांचा दुसरा विवाह इसाबेला डेनिस्टन ह्यांच्याशी झाला होता, व ह्या बाईंनीही वीस वर्षे मुलींच्या शिक्षणाचे काम केले.

ह्या नव्या संस्थेत आलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक बेळगावचे बाबा पदमनजी. ‘यमुनापर्यटन’ हे विधवांच्या दुःखावरील त्यांचे १८५७ सालचे पुस्तक मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक म्हणून सर्वत्र ओळखले जाते. त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्माचे बीज रुजले ते मुंबईच्या शाळेत; पण बाप्तिस्मा झाला तो १८५४ साली बेळगावात, दुसऱ्या मिशनच्या मंडळीत. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा आद्य शिल्पकार विल्सनसाहेबांच्या शाळेच्या बाप्तिस्म्यांच्या यादीत येतच नाही! पेरणी एका शेतात व रास दुसऱ्याच्या खळ्यात, असा हा प्रकार. त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत १८४१ ते १८४७ ह्या काळात आणखी एक विद्यार्थी शिकला. तो ख्रिस्ती कधीच झाला नाही, होण्याचा त्याचा विचारही टिकला नाही. त्याचे नाव जोतीराव फुले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ही गोष्ट आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ आहे. मिशनच्या तक्त्यात अशा विद्यार्थ्यासाठी रकानाच नव्हता. त्यांस मिशनचे यश म्हणून मिरविणे उचित होणार नाही, कारण जोतीरावांचे कर्तृत्व जोतीरावांचे. पण त्यांस अपयशात जमा करणारा तक्ता काही उपयोगाचा नव्हे, एवढे कोणीही कबूल करील.

असे तक्ते पाहूनच मोठमोठे निर्णय होत असत. १८५४-५५ साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात तपासणीसाठी आले. इंग्रजी शाळांवर खर्च होतो त्या मानाने ख्रिस्ती होणारे थोडे, तेव्हा पैसा व माणसे खेड्यांतील मंडळ्या व देशी भाषेतील उपदेश ह्यांकडे लावावी, असे त्यांचे धोरण होते. त्या धोरणानुसार अहमदनगरची इंग्रजी शाळा बंद झाली. अँडरसनसाहेब काही अविचारी गृहस्थ नव्हते. ते जे म्हणत होते त्यात तथ्य होते, आणि अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत पुढे ज्या ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या, त्यांचे वंशज आज आमच्यातही आहेत. विल्सनसाहेबांच्या शाळेसही तेच माप लावले असते तर तीही बंद करावी लागली असती, कारण तेथे शेकडो मुले येत व त्यांतील फारच थोडी ख्रिस्ती होत. त्यांनी शाळा चालू ठेवली. आम्हांस वाटते, दोघांतील भेद श्रद्धेचा नव्हता, मुदतीचा होता. एकाने हिशेब दहा वर्षांचा मागितला, दुसऱ्याने हिशेबाची तारीखच ठरविली नाही.

आमच्या उरणच्या मिठागरांचा दाखला येथे द्यावासा वाटतो. मिठागरात मिठाची पांढरी शुभ्र रास पडते, ती दुरून दिसते, तिची मोजदादही होते. परंतु मीठ उपयोगी पडते ते भाजीत विरघळल्यावर, व तेव्हा ते कोणास दिसत नाही. आपल्या शिष्यांस मिठाची उपमा देताना प्रभूच्या मनात रास होती की चव होती, ह्याचा निर्णय वाचकांनीच करावा.

विल्सनसाहेबांच्या विद्वत्तेविषयी थोडक्यात सांगून पुढे जाऊ. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाची नक्कल कलकत्त्यास प्रिन्सेप ह्यांच्याकडे पोहोचविण्यात त्यांचा हात होता. लेण्यांच्या अभ्यासासाठी १८४८ साली मुंबईत जे मंडळ नेमले गेले त्याचे ते अध्यक्ष होते. मोऱ्यासमोरच्या घारापुरीची लेणीही त्यांच्या अभ्यासात आली. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिला मराठी भाषेविषयीचे टिपण त्यांनीच लिहिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या उभारणीत ते आरंभापासून होते, व १८६८ साली त्याचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठात धर्म शिकविला जात नाही त्याच्यासाठी मिशनऱ्याने इतका वेळ का द्यावा, अशी शंका कोणी काढील. त्या विद्यापीठात बसणारी मुले तीच होती, एवढेच त्याचे उत्तर आहे.

परंतु त्यांच्या शिक्षकपणाची जी हकीकत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, ती विद्यापीठाची नव्हे. दोन आफ्रिकन पोरांची आहे. १८६४ च्या जून महिन्यात डॉ. लिव्हिंग्स्टन हे सुप्रसिद्ध प्रवासी एका लहानशा आगबोटीतून हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आले. त्यांच्याबरोबर गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडविलेले चुमा व विकाटानी नावाचे दोन मुलगे होते. त्यांस त्यांनी विल्सनसाहेबांच्या शाळेत ठेवले. मुलगे सुमारे दीड वर्ष तेथे होते. डिसेंबर १८६५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि जानेवारी १८६६ मध्ये ते लिव्हिंग्स्टनसाहेबांबरोबर आफ्रिकेस परत गेले. त्याच वर्षी न्यासा सरोवराच्या बाजूस विकाटानीस आपले नातलग भेटले व तो तेथेच राहिला. त्याने प्रवास सोडला म्हणून काही जण हळहळले. पण गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या पोरास आपली माणसे सापडल्यावर त्याने दुसरे काय करावे?

चुमा मात्र सात वर्षे धन्याबरोबर रानोमाळ हिंडला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात, चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी, गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. तेव्हा चुमा, सुसी व त्यांचे सोबती ह्यांनी एक निश्चय केला. धन्याचे हृदय त्यांनी तेथेच झाडाखाली पुरले, देह मीठ व ऊन ह्यांनी सुकविला, झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि कित्येक महिने दलदली, ज्वर व उपासमार सोशीत तो समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणला. वाटेत देह पुरून टाका असे सांगणारेही त्यांस भेटले. त्यांनी ऐकले नाही. ह्या मंडळींत नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत वाढलेला जेकब वेनराइट हाही होता. चितांबोच्या गावी अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन ह्यांचे दफन झाले. चुमाने मुंबईच्या शाळेत किती बुके वाचली, गणितात त्यास किती गुण मिळाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

हा मजकूर लिहीत असता आमच्या एका तरुण सहकाऱ्याने शंका घेतली, की अशा रीतीने काहीच मोजावयाचे नाही असे ठरविले तर आळशी शिक्षकाचे फावेल. शंका खरी आहे, व तिचे उत्तर विल्सनसाहेबांच्या रोजच्या वागण्यात आहे. ते तक्ते भरीत होते, हजेरी घेत होते, परीक्षा घेत होते, गेलेल्या मुलांची संख्या लपवीत नव्हते. फक्त त्या तक्त्यावर ते स्वतःची किंमत ठरवीत नव्हते व मुलांचीही ठरवीत नव्हते. ज्याने धर्म स्वीकारला त्याच्यासाठी त्यांच्या घराचे दार उघडे होते, आणि ज्याने स्वीकारला नाही त्याच्यासाठीही ते लोटलेले नव्हते. मलबार टेकडीवरील ‘द क्लिफ’ ह्या त्यांच्या बंगल्यात पारशी शेट, ब्राह्मण शास्त्री, मुसलमान व्यापारी, यहुदी, हबशी, सर्व प्रकारची माणसे येत असत. १८३९ साली ज्या समाजाने त्यांच्याविरुद्ध कोर्टात अर्ज केला, त्या समाजातील माणसेही त्यांत होती. मिशन शाळेच्या शिक्षकास आम्हांस काही मोजावयास सांगाल तर आम्ही हे मोजू: वीस वर्षांनी किती माजी विद्यार्थी, कोणत्याही धर्माचे असोत, काही एक काम नसता भेटावयास येतात.

१८६९ साली विल्सनसाहेबांस मुंबईत येऊन चाळीस वर्षे झाली. त्या प्रसंगी सर्व जातींच्या नागरिकांनी मिळून त्यांस मानपत्र दिले व वर्गणी जमवून मोठी रक्कम अर्पण केली. ती रक्कम पुढे विद्यापीठाकडे जाऊन तिच्यातून भाषाशास्त्रावरील व्याख्यानांची योजना सुरू झाली. १८७० साली ते फ्री चर्चच्या जनरल असेंब्लीचे अध्यक्ष झाले. त्या मंडळीत ह्याहून मोठा मान नाही; तरी तो भोगून ते परत मुंबईसच आले. १ डिसेंबर १८७५ रोजी त्यांनी आपल्या बंगल्यात देह ठेवला. त्यांच्या प्रेतयात्रेस ख्रिस्ती मंडळींबरोबरच हिंदू, पारशी व मुसलमान लोकही मोठ्या संख्येने होते.

विल्सन व्याख्याने १८७७ साली डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी दिली. विषय संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषा हा होता. भांडारकर प्रार्थनासमाजाचे, विल्सनसाहेबांच्या शाळेचे ते विद्यार्थीही नव्हते. चुमा १८८२ साली झांजीबार येथे वारला. होर्मसजी पुढे बाप्टिस्ट मंडळीत गेले, म्हणजे तेही स्कॉटिश यादीतून निघाले. आणि धनजीभाई नौरोजी, ज्यांच्या पायी १८३९ साली सर्व बाके रिकामी झाली, त्यांस १८४६ साली एडिंबरो येथे दीक्षा मिळाली. मग ते परत येऊन गुजरातेत व मुंबईत पाळकाचे काम करीत राहिले. गुरूंच्या पश्चात तेहतीस वर्षांनी, १९०८ साली, ते वारले.